रोज तेवढंच मागे

घड्याळजींच्या दुकानात दुरुस्त झालेलं घड्याळ कधी लगेच हातात पडत नसे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, घड्याळ आधी डावीकडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं जायचं आणि तिथे आठ दिवस राहायचं. रोज सकाळी दहाला रेडिओवर वेळेचे ठोके पडले की घड्याळजी भिंतीपुढे उभे राहत आणि कुठलं घड्याळ किती पुढे, कुठलं किती मागे ते जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवत. आठव्या दिवशी सगळ्या नोंदींवरून एकदा नजर फिरवून ते खाली एक ओळ लिहीत, 'द्यायला हरकत नाही.' ही ओळ पडेपर्यंत गिऱ्हाईक रडो, रागावो, मुलाखतीला उशीर होतोय म्हणून गयावया करो, घड्याळजी ढिम्म हलत नसत.

आता ते शहात्तर वर्षांचे झाले होते. हातात चिमटा धरला की चिमट्यालाच हुडहुडी भरल्यासारखं व्हायचं, म्हणून घड्याळं उघडायचं काम गेली सहा-सात वर्षं त्यांची मुलगी करत होती. भिंत आणि वही मात्र त्यांनी सोडली नव्हती. मुलगी चाळिशी ओलांडलेली, दंडाला भक्कम, डोळ्याला भिंग लावलं की जगाला विसरणारी. लहानपणी दुकानातल्या उंच स्टुलावर बसून ती दिवसभर पाय हलवत असायची, त्यावरून शेजारच्या दुकानदारांनी तिचं नाव लंबक ठेवलं होतं. ते असं काही चिकटलं की शाळेतल्या बाईसुद्धा हजेरी घेताना चुकून लंबक म्हणाल्या होत्या. बाबांनी मात्र तिला कधी या नावाने हाक मारली नाही. लंबक ही त्यांच्या लेखी थट्टेची वस्तू नव्हती.

लंबकचं दुसरं काम म्हणजे ड्रम वाजवणं. तिच्या बँडचं नाव 'सुस्त अजगर'. बँडमध्ये माणसं तीनच. गिटार वाजवून गाणारा दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून त्याला सगळे कवळी म्हणत. बेस गिटार वाजवणारा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याला लिफ्टवाला म्हणत. तो वर्षाला मोजून चार वाक्यं बोलायचा. गिटारच्या तारा सैल सोडून आवाज पार पाताळात न्यायचा, त्यावर फझचं पेडल दाबून तो आणखी खरखरीत करायचा, मग एकच सूर धरायचा आणि त्याच्यावर निवांत लोळत पडायचं, अशी त्यांची तऱ्हा. ऐकणाऱ्याला पहिल्यांदा वाटायचं की काहीतरी बिघडलंय, आणि दहा मिनिटांनी वाटायचं की बिघडलेलंच बरं आहे. तुम्ही वाजवण्याआधी नक्की काय ओढता, असं लोक हमखास विचारत. कवळी गंभीर चेहऱ्याने खिशातून खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट काढून दाखवायचा.

वीस वर्षं ते वाजवत होते आणि वीस वर्षांत एक अल्बम निघाला नव्हता. एका वर्षी कवळीचं लग्न, एका वर्षी लिफ्टवाल्याची पाठ धरलेली, मग लंबकच्या आईचं आजारपण, मग तिचं जाणं. दर वर्षी पुढच्या वर्षी नक्की असं ठरायचं. शेवटी कवळीचे स्वतःचे दोन दात पडले तेव्हा तो हादरला आणि आता नाही तर कधीच नाही म्हणून हटून बसला. पाच गाणी ठरली. चार लहान गाणी रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला आणि दुसरी अख्खी बाजू एकाच गाण्याला, 'अजगराची जांभई' याला. अजगर भरपेट गिळून झोपायला निघालाय, एवढाच त्या गाण्याचा अर्थ. बँडला जे काही ऐकणारे होते, ते त्या एका गाण्यासाठीच येत.

बाबांचं या संगीताबद्दलचं मत थोडक्यात होतं. एकदा ते पाच मिनिटं ऐकत उभे राहिले होते आणि मग सुरू कधी होणार असं त्यांनी विचारलं होतं.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे बटणांचा जुना कारखाना होता. यंत्रं कधीच गेली होती, पण फरशीच्या फटींत अजून बटणं अडकलेली होती आणि ड्रम जोरात वाजला की एखादं टुणकन वर यायचं. तिथला रेकॉर्डिस्ट पातळ केसांचा, मऊ आवाजाचा, फार सभ्य माणूस होता. वाईट बातमीसुद्धा तो अशी सांगायचा की ऐकणाऱ्याने त्याचेच आभार मानावेत. पहिल्या दोन दिवसांत चार गाणी झाली. तिसऱ्या दिवशी जांभई सुरू झाली आणि चौथ्या दिवसापर्यंत तिचे सहा टेक झाले. तिघं एकाच खोलीत एकदम वाजवत होते, त्यामुळे एकाचं चुकलं की सगळ्यांचं जायचं. दुसऱ्या टेकची पहिली सात मिनिटं अशी जमली होती की रेकॉर्डिस्टने डोळे मिटून घेतले होते, पण आठव्या मिनिटाला लिफ्टवाल्याची तार तुटली. पाचव्या टेकचा शेवट अप्रतिम होता, पण सुरुवातीला कवळीला शिंक आली होती.

मग दुसऱ्याची सुरुवात आणि पाचव्याचा शेवट जोडून टाका की, असं कवळी म्हणाला. रेकॉर्डिस्टने खुर्ची त्यांच्याकडे वळवली, दोन्ही हात जोडले आणि ते जमणार नाही असं सांगितलं. गाणं चालता चालता मंद होत जातं. सुरुवातीला ठोके मिनिटाला सत्तर असतील तर शेवटी साठ-एकसष्टवर येतात. वेग असा घसरत असेल तर दोन टेक जोडल्यावर सांध्यात धक्का बसणार. मग त्याने लंबककडे पाहून अगदी हळू आवाजात सांगितलं की ताई, तुम्ही मागे पडता.

लंबकला हे ठाऊक नव्हतं. वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिघं एकत्रच मागे पडत होते. हे गाणं इतकं वजनदार का लागतं याचं उत्तर आजवर कवळी स्वतःच्या पेडलमध्ये शोधत आला होता आणि त्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेत आला होता.

पाचव्या दिवशी रेकॉर्डिस्टने तिच्या कानात क्लिक घातला. हेडफोनमधून टक टक टक असा ठरलेल्या वेगाचा आवाज येतो आणि वाजवणाऱ्याने त्याचं बोट धरून चालायचं असतं. पहिल्या दोन वेळा चौथ्या मिनिटाला तिने ते बोट सोडलं. तिसऱ्या वेळी दातओठ खाऊन तिने शेवटपर्यंत ते धरून ठेवलं. अजगर कवायतीला निघाल्यासारखं वाटत होतं. लिफ्टवाल्याने त्या वर्षातलं दुसरं वाक्य खर्च केलं. तो म्हणाला, "हे आपलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी कवळी दुकानात आला आणि घड्याळाचा पट्टा बदलायचाय म्हणाला. तो पट्टा लंबकनेच तीन आठवड्यांपूर्वी बसवला होता. तिने भिंग कपाळावर सरकवलं आणि जे सांगायचं ते सांग, असं म्हणाली. कवळीने काउंटरवरची सगळी पट्ट्यांची पाकिटं उचलून पाहिली, परत ठेवली, आणि मग एका दमात बोलून टाकलं. रेकॉर्डिस्टचा एक भाचा आहे. मोठमोठ्या लोकांबरोबर वाजवतो. क्लिकवर झोपूनसुद्धा वाजवेल. शनिवारी येऊ शकतो. फक्त हे एकच गाणं, बाकीची चारही तिचीच.

"तो म्हणतो, भाचा अगदी घड्याळासारखा वाजवतो," कवळी म्हणाला आणि आपण हे कुठे उभे राहून बोलतोय हे लक्षात येऊन खाली बघू लागला.

मागच्या टेबलाशी बाबा वहीत डोकं घालून बसले होते. पान बराच वेळ उलटलं गेलं नव्हतं.

लंबकने चालेल म्हटलं. अल्बम चांगला व्हायला हवा, असंही म्हटलं. कवळीच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती चिडली असती, चिमटा फेकून मारला असता, तर त्याला बरं वाटलं असतं. तो गेल्यावर तिने एका गजराच्या घड्याळाचं मागचं झाकण काढलं आणि संध्याकाळपर्यंत त्याचे तेच तीन स्क्रू पुन्हा पुन्हा पुसले. तिला रडू येत नव्हतं. वीस वर्षं ज्या गाण्यापायी तिने हातांना घट्टे पाडून घेतले, ते गाणं रेकॉर्डवर जाणार आणि त्यात ती नसणार. पुढे कधी कोणी ती रेकॉर्ड लावली तर तिला मान हलवून छान झालंय म्हणावं लागणार. आणि सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच होती. घड्याळजीची मुलगी, दिवसभर दुसऱ्यांची घड्याळं वेळेवर आणणारी, आणि तिचेच हात मागे पडतात.

दुकान बंद करायच्या वेळी बाबांनी विचारलं, ते सहा वेळा वाजवलेलं तुझ्याकडे आहे का. ते फोनमध्ये होतं. तिने त्यांना हेडफोन लावून दिला. त्यांनी तो उलटा लावला, मग सुलटा लावला, आणि यातला सारखा वाजत राहतो तो ठोका कुठला असं विचारलं. तिने झांजेवरचा ठोका ओळखून दाखवला. मग त्यांनी खणातून जुनं स्टॉपवॉच काढलं, वहीचं कोरं पान उघडलं आणि तिला घरी जायला सांगितलं.

पुढचे दोन दिवस हेच चाललं. सकाळी दहाच्या नोंदी झाल्या की बाबा हेडफोन लावून बसायचे. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात पेन्सिल, ओठ हलताहेत, दर मिनिटाला एक आकडा. गिऱ्हाईक आलं तरी मान वर नाही. एका बाईने काका काय ऐकताय म्हणून कौतुकाने विचारलं, तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. लंबकला ते बघवेना. तिच्या चुका कोणीतरी ऐकणं वेगळं आणि तिच्या बापाने त्या शिस्तीत मोजून लिहून काढणं वेगळं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती न राहवून म्हणाली की मी मागे पडते हे मला कळलंय, त्याचा आता हिशेब कशाला मांडताय.

बाबांनी एक कान मोकळा केला. "मध्येच बोलू नको. सेहेचाळीस झाले होते, आता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागणार."

ती तावातावाने मागच्या खोलीत गेली आणि तिथे उगाचच तेलाच्या बाटल्या लावत बसली. तिच्या डोक्यावर दुकानाचं मोठं घड्याळ होतं, हातभर लांब लंबकाचं. हे घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडायचं आणि रोज दहाला बाबा त्याचा काटा चार मिनिटं पुढे सरकवायचे. घड्याळजीच्याच घरचं घड्याळ चुकीचं, म्हणून सगळा बाजार हसायचा. काम शिकायला लागली तेव्हा लंबकने ते दुरुस्त करायला हात लावला होता, तर बाबांनी हातावर चापट मारली होती. हे घड्याळ नीट आहे, म्हणाले होते. लहानपणी त्याच्याच खाली बसून ती पॉलिशच्या रिकाम्या डब्यांवर तासन्‌तास बडवत असायची. तेव्हाही बाबा कधी गप्प बस म्हणाले नव्हते, हे तिला आता आठवलं.

शनिवारी सकाळी ती बटणांच्या कारखान्यात वेळेवर पोचली. तिने यायची गरज नव्हती, पण ड्रम तिचे होते आणि दुसऱ्याच्या हाती ते नीट लावून द्यावेत असं तिला वाटलं. भाचा म्हणजे चांगला पस्तिशीचा, गुळगुळीत डोक्याचा, हसरा माणूस निघाला. त्याचा राग यावा अशी तिने मनाची तयारी केली होती, पण त्याने पहिल्याच मिनिटाला तिच्या जुन्या झांजेची चौकशी केली आणि तिची पंचाईत झाली. तो उंच होता, म्हणून तिने झांजा वर घेतल्या. तिच्या बसायच्या स्टुलावर तो बसला. ते दुकानातलंच उंच स्टूल होतं, पाय कापून बुटकं केलेलं. भाच्याच्या वजनाने ते कुरकुरलं. कवळी गिटार जुळवायच्या निमित्ताने भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तेवढ्यात दार उघडलं आणि बाबा आत आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत पुठ्ठ्याची वही. दोन बस बदलून आले होते. लंबक ड्रमची चावी हातात घेऊन तशीच उभी राहिली. आता हे सगळ्यांसमोर काय बोलून बसणार, आणि चार माणसांत मान खाली घालायची ती तिनेच.

रेकॉर्डिस्टने उठून त्यांना खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत.

"तुमचा भाचा घड्याळासारखा वाजवतो म्हणे," ते म्हणाले.

"हो काका. अगदी."

"कुठल्या घड्याळासारखा?"

रेकॉर्डिस्ट नम्रपणे हसला. कुठल्या म्हणजे, बरोबर चालणाऱ्या, असं काहीतरी तो म्हणाला. बाबांनी मान हलवली. पन्नास वर्षांत आपण बरोबर चालणारं एकही घड्याळ पाहिलेलं नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. थोडं पुढे जाणारं असतं किंवा थोडं मागे पडणारं असतं. मग त्यांनी वही रेकॉर्डिंगच्या मिक्सरच्या बटणांवर उघडून ठेवली. रेकॉर्डिस्टच्या जिवाचं पाणी झालं, पण सभ्य माणूस असल्यामुळे तो काही बोलला नाही.

पानावर सहा रकाने आखलेले होते, सहा टेकचे. प्रत्येकात मिनिटामिनिटाला झांजेचे ठोके किती पडले ते थरथरत्या अक्षरात लिहिलेलं. पहिलं मिनिट सत्तर. दुसरं सत्तर. तिसरं एकोणसत्तर. असं उतरत उतरत अकरावं मिनिट एकसष्ट. हा झाला पहिला रकाना. बाबांनी पेन्सिल शेजारच्या रकान्यावर ठेवली. सत्तर, सत्तर, एकोणसत्तर. तिसरा रकाना. सत्तर, सत्तर, एकोणसत्तर. तार तुटलेल्या टेकमध्ये शेवटचे आकडे नव्हते. बाकीचे पाचही खालपर्यंत तंतोतंत सारखे होते, आणि प्रत्येकाखाली एकूण वेळ लिहिलेली होती. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. अकरा चाळीस. अकरा एकेचाळीस. अकरा चाळीस. अकरा चाळीस.

"आज दोन मिनिटं मागे आणि उद्या तीन मिनिटं पुढे, ते घड्याळ बिघडलेलं," बाबा म्हणाले. "रोज तेवढंच मागे पडतं ते बिघडलेलं नसतं. त्याची ती चाल असते. माझ्या दुकानात असं एक आहे. चाळीस वर्षं झाली, मी काटा सरकवतो, पण ते उघडलेलं नाही. ही त्याच्याच खाली बसून वाजवायला शिकली."

मग त्यांनी लंबककडे पाहिलं. "मी दोन वेळा मोजलं. पहिल्यांदा मला वाटलं माझंच चुकतंय."

 तिने हातातली ड्रमची चावी उगाचच घट्ट धरून ठेवली.

रेकॉर्डिस्टने पानावरचे आकडे बोट फिरवत खालपर्यंत वाचले. मग तो कॉम्प्युटरकडे वळला, त्याने दुसरा आणि पाचवा टेक काढला आणि पडद्यावर एकाखाली एक लावला. आवाजाची टोकं एकाखाली एक उभी राहिली, सातव्या मिनिटालाही जिथल्या तिथे. त्याने आणखी एक टेक खाली लावला, मग आणखी एक. सगळे मागे पडत होते आणि सगळे सारखेच मागे पडत होते. टेक जोडता येणार नाहीत, हे त्याने न तपासताच ठरवून टाकलं होतं, आणि ते त्याने तिथल्या तिथे कबूलही केलं. सातव्या मिनिटाच्या शेवटी त्याने दुसरा टेक कापला आणि पाचव्याचा शेवट त्याला लावला. मग त्याने आवाज मोठा केला.

सांधा कधी आला आणि कधी गेला ते कोणालाच कळलं नाही. अजगर जडावत गेला, वेटोळं घालत गेला, आणि अकरा मिनिटं चाळीस सेकंदांनी त्याचा डोळा लागला. फरशीतून कुठलंसं बटण टुणकन उडालं ते तेवढं ऐकू आलं.

सगळ्यात आधी भाचा उठला. त्याने स्टूल दोन्ही हातांनी उचलून लंबकपुढे ठेवलं. "ताई, मला क्लिक दिला तर मी कितीही वेळ सरळ जाईन," तो म्हणाला. "पण असं मागे पडणं मला या जन्मात जमायचं नाही. कसं करता?"

"मला आत्ताच कळलंय की करते," लंबक म्हणाली, आणि मग तिला हसू आलं.  कवळी गिटार खाली ठेवून आला आणि तिच्यासमोर कान धरून उभा राहिला. तिने त्याला तसाच थोडा वेळ उभा राहू दिला, तेवढा तिचा हक्क होता. लिफ्टवाल्याने बाबांचा हात हातात घेतला आणि जोरजोरात हलवला. वाक्य मात्र त्याने वाचवून ठेवलं.

परतीच्या बसमध्ये बापलेक शेजारी बसले. मोठ्या घड्याळाला हात लावू दिला नाहीत ते याचसाठी का, असं तिने विचारलं. बाबा म्हणाले की तसं काही नाही, त्याचं मागचं झाकण फार घट्ट बसलंय. मग एक थांबा गेल्यावर त्यांनी सांगितलं की आईला ते घड्याळ आवडायचं. ती म्हणायची, आपल्यात निदान एकजण तरी घाई करत नाही.

चार महिन्यांनी रेकॉर्डची खोकी आली. मुखपृष्ठावर कवळीने स्वतः काढलेला अजगर होता. तो पाणी घालायच्या नळीसारखा दिसत होता, पण कवळीला तसं कोणी बोललं नाही. मागच्या बाजूला तिघांचे उल्लेख होते, खाली रेकॉर्डिस्टचा, आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरांत 'वेळ तपासली: घड्याळजी'. लंबकने सगळी खोकी दुकानात आणली. बाहेर ऐकणारे वाट बघत होते, कवळी तर दिवसातून दोनदा फोन करत होता. तिने त्याला सांगितलं की आठ दिवस थांबायला लागेल. कशासाठी म्हणून तो ओरडला. ती म्हणाली, या दुकानातून कुठलीच गोष्ट आठ दिवसांच्या आत बाहेर जात नाही. आजवर ती बाबांचा हा नियम गिऱ्हाइकांना दिलगिरीच्या सुरात सांगत आली होती. आज पहिल्यांदा तो तिने स्वतःचा म्हणून सांगितला.

बाबांनी जुना रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून उतरवला. आधी त्याच्या तबकडीचे फेरे स्टॉपवॉच लावून मोजले, पट्टा थोडा ताणला, पुन्हा मोजले. मग रोज सकाळी भिंतीवरच्या घड्याळांच्या नोंदी झाल्या की दुसरी बाजू लागायची. गिऱ्हाइकं काउंटरशी खोळंबून राहत. पहिल्या दिवशी एकदोघं कानांत बोटं घालून निघून गेली. चौथ्या दिवशी एक आजोबा स्वतःहून खुर्ची ओढून बसले, आणि सहाव्या दिवसापासून ते दहालाच हजर राहू लागले. बाबा कधी मान डोलवत नसत. पण पाचव्या दिवशी लंबकने भिंगातून डोळा काढून पाहिलं, तर त्यांचा पाय टेबलाखाली हलत होता, आणि तोही हळूहळू मंद होत चालला होता.

आठव्या दिवशी गाणं संपल्यावर बाबांनी वही ओढली. लंबक त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. वहीत प्रत्येक घड्याळाला चार रकाने असायचे. घड्याळ कुठलं, बनावट कुठली, चाल कशी, आणि शेवटचा शेरा. बाबा सावकाश लिहीत होते, पेन्सिल थरथरत होती, आणि ती घाई न करता एकेक शब्द उमटायची वाट बघत राहिली.

घड्याळ: सुस्त अजगर. बनावट: घरची. चाल: रोज तेवढंच मागे. द्यायला हरकत नाही.

तिने ते दोनदा वाचलं. मग डोळे पुसले आणि पहिलं खोकं उचलून काउंटरवर ठेवलं.